अस्सल कार्बाइन म्हणजे कोणती?

1943 साली शिकागोच्या रॉक-ओला कंपनीच्या कारखान्यातून ज्यूकबॉक्सऐवजी बंदुका बाहेर पडत होत्या. नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या रंगीत पेट्या बनवून डेव्हिड रॉकोला यांनी नाव कमावले होते. युद्ध आले, पेट्यांचे उत्पादन थांबले आणि कंपनी अमेरिकी लष्करासाठी एम1 कार्बाइन घडवू लागली. हार्टफर्डला टाइपरायटरवाल्या अंडरवूडने तेच केले, पोकीप्सीला हिशेबाची यंत्रे बनवणाऱ्या आयबीएमनेही तेच. रॉचेस्टरची नॅशनल पोस्टल मीटर टपालाचे मीटर बनवायची, ओहायोतली स्टँडर्ड प्रॉडक्ट्स मोटारींचे सुटे भाग बनवायची. इनलँड आणि सॅगिनॉ हे जनरल मोटर्सचे विभाग, त्यांचा धंदा स्टिअरिंगचा. कार्बाइन बनवणाऱ्या एकूण दहा कंपन्यांत पिढीजात बंदूकवाली म्हणावी अशी एकच, विंचेस्टर. सगळ्यांनी मिळून 1942 ते 1945 या काळात 61 लाखांहून अधिक कार्बाइन बनवल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने इतक्या संख्येने दुसरे कुठलेही हलके शस्त्र बनवले नाही.

आज याच बंदुकीचे शौकीन अमेरिकेत हजारोंनी आहेत आणि त्यांचे वाद दोन गोष्टींवर येऊन थांबतात: नळी किती इंचाची, आणि बंदुकीवर कोरलेले नाव खरे की खोटे. बाहेरच्या माणसाला हे रिकामपणाचे उद्योग वाटतील. पण पाव इंच नळीपायी अमेरिकी संसदेला कायदा बदलावा लागला आहे, आणि नावाच्या शोधात कितीतरी बंदुकांचा खरा इतिहास पुसला गेला आहे.

महाराष्ट्रात कार्बाइन म्हटले की पोलिसांच्या हातातली, कानपूरला बनणारी 9 मिलिमीटरची स्टर्लिंग आठवते. ती मुळात सबमशीनगन. एम1 कार्बाइन निराळी. ती आखूड, हलकी, एका चापाला एकच गोळी सोडणारी रायफल.

तिची गरज लढणाऱ्या शिपायापेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांना होती. ट्रकचालक, तोफखान्याचे गोलंदाज, तारायंत्रवाले, स्वयंपाकी, कारकून. यांच्या कमरेला .45 चे पिस्तूल असायचे, पण पिस्तुलाने नेम साधायला सराव लागतो आणि 50 यार्डांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. पायदळाची गॅरंड रायफल साडेनऊ पौंडांची, म्हणजे सव्वाचार किलोंच्या वर. तारांचे भेंडोळे खांद्यावर घेतलेल्या माणसाने ती कुठे अडकवायची? म्हणून 1940 साली लष्कराने पाच पौंड वजनाची, 300 यार्डांपर्यंत कामाची रायफल मागवली. काडतूस विंचेस्टरने दिले, चाचण्यांत शेवटी बंदूकही विंचेस्टरचीच टिकली, आणि 1941 च्या ऑक्टोबरात, पर्ल हार्बरच्या आधी, ती लष्करात दाखल करून घेण्याचे ठरले. रिकामी असताना तिचे वजन सव्वापाच पौंडांच्या आत, लांबी 36 इंचांहून किंचित कमी.

तिच्या जनकाची गोष्ट हॉलिवूडने सांगितली आणि तेव्हापासून ती अर्धी चुकीचीच सांगितली जाते. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा उत्तर कॅरोलायनाचा माणूस. दारूबंदीच्या काळात त्याच्या चोरट्या भट्टीवर धाड पडली, गोळीबारात एक पोलीस अधिकारी मेला, आणि विल्यम्स तुरुंगात गेला. तिथल्या कर्मशाळेत भंगारातल्या लोखंडातून त्याने रायफली घडवल्या आणि नळीतल्या वायूच्या एका आखूड धक्क्याने बंदूक आपोआप भरून घेण्याची युक्ती त्याला तिथेच सुचली. 1952 साली त्याच्यावर चित्रपट निघाला, अभिनेता जेम्स स्टुअर्टने विल्यम्सची भूमिका केली आणि कार्बाइन एकट्या कैद्याच्या डोक्यातून निघाली असा समज पक्का झाला. वायूच्या धक्क्याची युक्ती विल्यम्सची खरी. पण तिच्याभोवती उभी राहिलेली बंदूक विंचेस्टरच्या कारागिरांच्या एका चमूने घाईघाईत उभी केली, पहिला नमुना तर दोन आठवड्यांच्या आत. विल्यम्स त्या घाईत फारसा सामील नव्हता. एकाच नावावर सगळे श्रेय टाकण्याची ही सवय पुढे संग्राहकांतही उतरली.

आता नळीकडे. कार्बाइनची नळी कागदोपत्री 18 इंचांची म्हटली जाते, प्रत्यक्षात भरते पावणेअठराच्या आसपास. लष्कराला या फरकाचे काही सोयरसुतक नव्हते. कायद्याला होते.

1934 साली अमेरिकेत टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट झाला. मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांची नोंदणी करायची आणि प्रत्येक व्यवहारावर 200 डॉलर कर भरायचा. ही रक्कम त्या काळात बंदुकीच्या किमतीपेक्षा मोठी होती आणि हेतूही तोच होता. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. पिस्तुलावर कर बसला की लोक रायफल कापून तिचेच पिस्तूल करतील, म्हणून 18 इंचांहून आखूड नळीची रायफलही यादीत घातली. पुढे विरोधामुळे पिस्तुले यादीतून वगळली गेली, पण ज्या पळवाटेसाठी 18 इंचांचा आकडा आला होता तो मात्र कायद्यात तसाच राहिला. बंदुकीच्या कायद्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या विसंगतीकडे अनेकदा बोट दाखवले आहे, आणि ते योग्यच आहे.

युद्धानंतर लष्कराकडे लाखो कार्बाइन पडून राहिल्या आणि त्यातल्या काही नागरिकांना विकायचे ठरले. तेव्हा लक्षात आले की सरकार स्वतःच जी बंदूक विकते आहे तिची नळी कायद्याच्या मापात काही वेळा पाव इंच कमी भरते. घेणारा नकळत गुन्हेगार ठरणार. अखेर 1960 साली संसदेने रायफलीच्या नळीची किमान लांबी 18 वरून 16 इंचांवर आणली. तीन वर्षांनी, 1963 मध्ये, नागरी नेमबाजीच्या सरकारी खात्यामार्फत नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना 20 डॉलरमध्ये कार्बाइन घरपोच मिळू लागली.

माप घेण्याची सरकारमान्य रीत अगदी साधी आहे. बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची, बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत आत सोडायची, तोंडापाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून मोजायची. नळीच्या टोकाला कायमचे जोडलेले काही असेल तर तेही मापात धरतात. या एका वाक्यावर पुढे एक आख्खा छंद उभा राहिला. अमेरिकी लष्कराने 1994 मध्ये स्वीकारलेल्या एम4 कार्बाइनची नळी साडेचौदा इंचांची. तिची हुबेहूब प्रतिकृती बाळगायची तर कायदा आडवा येतो. म्हणून शौकीन साडेचौदा इंचांच्या नळीवर लांबट ज्वालारोधक बसवतात, पिन ठोकतात, वर वेल्डिंग करतात आणि 16 इंच भरवतात. दुसरा गट म्हणतो, सरळ 16 इंचांची नळी घ्या, उगाच सोंग कशाला? पहिला गट म्हणतो, मग ती एम4 दिसत नाही. अमेरिकेतल्या दुकानांत आज दिसणाऱ्या बहुतेक एआर-15 कार्बाइनी, म्हणजे एम4 ची नागरी भावंडे, 16 इंचांच्या का, याचे उत्तर बंदुकीच्या शास्त्रात नाही. ते 1960 च्या त्या दुरुस्तीत आहे, आणि त्या दुरुस्तीमागे महायुद्धातली ही छोटी बंदूक उभी आहे.

नळीचा वाद निदान काठीने मिटतो. नावाचा तसा मिटत नाही.

कार्बाइनच्या मागच्या नेमखाचेच्या मागे, रिसिव्हरच्या (बोल्ट बसतो त्या मुख्य सांगाड्याच्या) टाचेवर, बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. संग्राहकाचे डोळे आधी तिथे जातात. इनलँडच्या 26 लाखांहून अधिक निघाल्या, त्यामुळे त्या सहज मिळतात. रॉक-ओलाच्या 2 लाख 28 हजारांच्या आसपास, म्हणून भाव चढा. आयबीएमचे नाव पाहून संगणकवालेसुद्धा खिसा सैल करतात. सर्वांत दुर्मिळ अर्विन-पेडरसन. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या अर्विन या फर्निचरवाल्यांनी जॉन पेडरसन या नामांकित बंदूक-संशोधकाला हाताशी धरून कंत्राट घेतले होते. मोजक्या काही हजार बंदुका झाल्या, लष्कराच्या तपासणीत त्या उतरेनात, 1943 मध्ये कंत्राट रद्द झाले आणि कारखाना सॅगिनॉने ताब्यात घेतला. अर्विन-पेडरसनचे नाव असलेले रिसिव्हर सॅगिनॉने टाकून दिले नाहीत, वापरले. म्हणजे नाव एकाचे, जुळणी दुसऱ्याची, आणि तरीही अस्सल.

हा अपवाद नव्हता, रीतच तशी होती. लष्कराची अट होती की कुठल्याही कंपनीचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या कार्बाइनमध्ये बसलाच पाहिजे. सगळ्या कारखान्यांचा ताळमेळ ठेवायला एक संयुक्त समिती होती. कुणाकडे बोल्ट कमी पडले की ती दुसरीकडचे बोल्ट तिकडे पाठवायची. नळी बनवणे हे अवघड काम, सगळ्यांना जमणारे नव्हते. मार्लिनसारखी जुनी बंदूक कंपनी आख्खी कार्बाइन बनवत नव्हती, पण नळ्या पुरवत होती. क्वालिटी हार्डवेअर या शिकागोच्या कंपनीला नळ्या बाहेरूनच यायच्या. त्यामुळे क्वालिटीच्या बंदुकीवर 'अंडरवूड' कोरलेली नळी दिसली तर ती भेसळ नव्हे, कारखान्यातून ती तशीच निघाली होती. याच क्वालिटीच्या काही रिसिव्हरवर नावाआधी 'यूएन' अशी अक्षरे आहेत. ते रिसिव्हर युनियन स्विच अँड सिग्नल या रेल्वे-सिग्नलच्या कंपनीने बनवलेले. एकत्र कुटुंबाच्या कार्यात भांड्यांवर चार घरांची नावे घातलेली दिसावीत, आणि तरी पंगत एकाच घरची असावी, तसा हा प्रकार.

युद्ध संपल्यावर सरमिसळ आणखी वाढली. थकलेल्या बंदुका लष्करी आयुधागारांत परत गेल्या. तिथे त्या पूर्ण खोलायच्या, भाग धुऊन ढिगात टाकायचे आणि ढिगातून हाताला येतील ते चांगले भाग घेऊन पुन्हा जुळवायचे. एकाच वेळी सुधारणाही व्हायच्या. सुरुवातीची दोन पात्यांची साधी नेमखाच काढून फिरवून जुळवता येणारी बसवली. सुरक्षेचे बटण चुकून मॅगझिनच्या बटणाऐवजी दाबले जायचे, म्हणून फिरता खटका आला. नळीवरचा अरुंद पट्टा जाऊन संगीन अडकवायची सोय असलेला पट्टा आला. काम झाले की दस्त्यावर आयुधागाराचा शिक्का: ऑगस्टाचा 'एए', रॉक आयलंडचा 'आरआयए', स्प्रिंगफील्डचा 'एसए'.

एखादी रॉक-ओला हातात घेतली की हे सगळे वाचता येते. रॉक-ओलाचे कंत्राट 1944 च्या मध्यातच संपले होते आणि संगिनीचा पट्टा प्रत्यक्ष बंदुकांवर आला तो त्यानंतर. मग रॉक-ओलावर तो पट्टा असेल तर ती पुन्हा जुळवली गेली हे नक्की. दस्त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आरपार एक खाच असते. तिच्यात तेलाची छोटी नळकांडी बसते आणि तीच नळकांडी खांद्याच्या पट्ट्याला अडकवून धरते. एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची ही हुशारी पाहत राहावी अशी आहे. या खाचेत डोकावले तर दस्ता बनवणाऱ्याची अक्षरे सापडतात. रॉक-ओलाचा दस्ता असेल तर तिथे 'आरएमसी' असते. सुरुवातीच्या दस्त्यांची खाच सरळ कडांची, नंतरची लंबगोल. नळीवर महिना आणि वर्ष कोरलेले असेल तर ते अनुक्रमांकाच्या काळाशी ताडून पाहायचे. जाणकाराला या सगळ्याला फार वेळ लागत नाही. पण वाचता येणे आणि वाचलेले बदलावेसे वाटणे यात अंतर आहे, आणि छंदाची गाडी इथेच घसरली.

1980-90 च्या दशकांत बाजारात एक शब्द रूढ झाला, 'करेक्ट'. म्हणजे अशी कार्बाइन, जिच्यातला प्रत्येक भाग कारखान्यातून निघाली त्या महिन्यात जसा असता तसाच आहे. अशा बंदुकीला भाव जास्त. तशा फार थोड्या शिल्लक. मग लोक बनवू लागले. आयुधागारात जुळवलेली बंदूक घ्यायची, तिचा संगिनीचा पट्टा काढायचा, जुना अरुंद बसवायचा, नेमखाच बदलायची, इतर बंदुकांतून त्या कंपनीचे भाग जमवायचे. एक 'करेक्ट' करायला चार मोडायच्या. शिक्कासुद्धा नवा मारता येतो. तोफांची जोडी असलेला अमेरिकी आयुध विभागाचा शिक्का दस्त्यावर ठोकून देणारे लोक निघाले. सर्वांत मोठी फसवणूक छत्रीसैनिकांच्या एम1ए1 ची. तिचा दस्ता दुमडता यायचा. फक्त इनलँडने बनवलेल्या या बंदुका सुमारे 1 लाख 40 हजार. पण तिच्या रिसिव्हरवर 'ए1' असे कुठेच कोरलेले नसते, तिथे साधे एम1 च असते. सगळे वेगळेपण दस्त्यात, आणि दस्ता नवा बनवता येतो. साध्या इनलँडला नवा दुमडता दस्ता लावला की छत्रीसैनिकाची बंदूक तयार.

यात नुकसान कुणाचे? घेणाऱ्याच्या पैशाचे तर झालेच, पण त्याहून मोठे नुकसान पुराव्याचे. दक्षिण कोरियाच्या सैन्याने वापरून 1980 च्या दशकात परत आलेली कार्बाइन घ्या. नळीच्या टोकाशी 'ब्लू स्काय' या आयातदाराचा मोठा, खोल शिक्का. 1968 च्या कायद्याने आयात बंदुकीवर असा शिक्का सक्तीचा केला होता. संग्राहक त्याला नाक मुरडतात, नळी बदलून टाकतात. बव्हेरियाच्या ग्रामीण पोलिसांना अमेरिकेने दिलेल्या कार्बाइनींवर त्या पोलिसांचे नाव कोरलेले आहे. युद्धात हरलेल्या जर्मनीच्या खेड्यांत कायदा-सुव्यवस्था पुन्हा उभी करताना ही बंदूक तिथल्या पोलिसाच्या खांद्यावर होती. ते नाव घासून काढले की त्यांतली एखादी रॉक-ओला पुन्हा 1943 सालची दिसते, आणि तिने नंतर घालवलेली वर्षे नाहीशी होतात.

ऑडी मर्फीची कार्बाइन या बाबतीत फार बोलकी आहे. महायुद्धातला अमेरिकेचा सर्वाधिक पदकांचा सैनिक आणि नंतरचा सिनेनट. त्याच्याकडची विंचेस्टरची कार्बाइन एका स्फोटात जखमी झाली, दस्ता फुटला. त्याने तो तारेने बांधला आणि बंदूक वापरत राहिला. 1967 साली लॅरी रूथ या कार्बाइनच्या अभ्यासकाशी बोलताना मर्फीला तिचा अनुक्रमांक तोंडपाठ होता: 1108783. त्यावरून शोध घेतला तेव्हा ती अलाबामातल्या अॅनिस्टन लष्करी डेपोत सापडली. याच रूथ यांनी पुढे 1992 मध्ये 'वॉर बेबी!' हा कार्बाइनवरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. 'करेक्ट'च्या कसोटीवर तारेचा दस्ता नापास. पण तो बदलावा असे कुणाच्या मनातही येणार नाही.

नावाचा प्रश्न पुढे कारखान्यांच्या मालकीपर्यंत गेला. साठच्या दशकात युनिव्हर्सल आणि प्लेनफील्ड या कंपन्यांनी नागरी बाजारासाठी कार्बाइन बनवल्या. सुरुवातीला त्यांत लष्कराचे उरलेले भाग असायचे, पुढे भाग स्वतःचे झाले आणि नंतरच्या युनिव्हर्सलमध्ये लष्करी भाग बसेनासे झाले. संग्राहक या बंदुकांना वर्ज्य मानतात, आणि युनिव्हर्सलच्या उत्तरकालीन मालाबाबत ते बरोबरच आहे. 2010 च्या दशकात ओहायोत इनलँड मॅन्युफॅक्चरिंग या नावाने नवी कंपनी उभी राहिली आणि तिने नव्या एम1 कार्बाइन बाजारात आणल्या. नाव तेच, गावही तेच, डेटन. जनरल मोटर्सच्या त्या विभागाशी मात्र संबंध नाही. एआर-15 वाल्यांचेही असेच. 'घोड्याचा शिक्का असलेली कोल्टच खरी' हे त्यांचे पालुपद. पण मूळ रचना आर्मालाइटची, तिचे हक्क कोल्टने 1959 मध्ये घेतले. एम4 चे लष्करी कंत्राट 2013 मध्ये एफएन या कंपनीकडे गेले, आणि 2021 मध्ये खुद्द कोल्टच चेक कंपनीच्या मालकीची झाली. आता खरी कोणती?

गेल्या काही वर्षांत जाणत्या संग्राहकांची चाल बदलते आहे. बंदूक खोलण्याआधी प्रत्येक भागावरच्या अक्षरांचे फोटो काढतात, अनुक्रमांकासह नोंद ठेवतात. अशा नोंदी वर्षानुवर्षे गोळा करूनच कुठल्या कंपनीने कुठल्या काळात कुणाचे भाग वापरले याचे तक्ते तयार झाले आहेत, आणि हे काम कुठल्याही विद्यापीठाने नव्हे, हौशी माणसांनी केले आहे. आयुधागारात जुळवलेली, पुढे कुणी हात न लावलेली कार्बाइन आता त्या नावानेच विकली जाते आणि तिलाही चांगला भाव येतो. सोबत 1963 ची 20 डॉलरची सरकारी पावती असेल, तर आणखी. त्या पावतीवर अनुक्रमांक असतो, आणि हीच बंदूक तेव्हा सरकारकडून विकली गेली याचा तो लेखी साक्षीदार असतो.